कानखूण

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरतात
तेव्हा ब्लोन्दुओसच्या गोल कुंपणात
सगळ्या सारख्याच : ओल्या, चिखलाच्या, रागावलेल्या.
दोन पायांत मेंढी धरायची, कान चाचपायचा.
उजव्याच्या शेंड्याला खाच, डाव्याला मागून चावा,
ही एयविंदुरची. ढकल त्या कप्प्यात.
चेहरा कुणी बघत नाही.

माझं काम वर्षभर तेच, फक्त खुर्चीत बसून.
कत्तलखान्याच्या कचेरीत, मिठाच्या गोदामाशेजारी
एक जुना सर्व्हर आहे. पंखा खोकतो.
त्यावर साऱ्या तालुक्याच्या कानखुणांची नोंदवही,
शीतगृहाच्या तापमानाचे तक्ते,
आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, जे मी पुसत नाही.
खाती अकरा.
अकराही त्याच यंत्राची, त्याच्याच वहीतली.

रेक्याविकहून आलेला तरुण हसला होता.
म्हणाला, हालबेरा, आता असं कोण करतं?
ओळख पटवायचं काम राजधानीवर सोपव.
सगळ्यांची एकच मोठी यादी.
मी त्याला कॉफी दिली.
त्या जानेवारीत हिमवादळात तार तुटली, तीन दिवस.
मोठ्या यादीचा आवाजही आमच्यापर्यंत पोचला नसता.
यंत्राने अकरा जणांना बिनबोभाट ओळखलं.

दाइवा लिथुआनियाची, सोमवारी रुजू झाली.
मी खातं उघडलं. परवलीचा शब्द तिने टाकला,
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
आणि फोल्डरने तिला तीनदा परत पाठवलं.
खातं आहे, शब्द बरोबर आहे,
आणि दार विचारतंय, कोण तू?

दोन तास गेले तेव्हा उमगलं :
फाइली वाटणारा प्रोग्राम आपली वेगळी वही ठेवून होता.
एयविंदुरनेच कधीतरी बसवलेली, दोन्हींत नावं तोच चढवायचा,
कुणाला न सांगता.
एका घराला दोन वह्या म्हणजे
एका मेंढीला दोन खुणा, भांडण ठरलेलं.
ती वही मी मिटली. प्रोग्रामला सांगितलं,
तू ठरवू नकोस. यंत्राला विचार. ते हो म्हणालं तर दे.

यंत्राजवळही शब्द नसतो, ही गंमत.
असतो तो मीठ घालून कुटलेला लगदा,
ज्यातून शब्द परत निघत नाही,
खारवलेल्या मांसातून कोकरू निघत नाही तसा.
दाइवा टाईप करते, यंत्र तेच मीठ घालून पुन्हा कुटतं,
दोन्ही लगदे शेजारी ठेवून पाहतं.
जुळले.
मिठाला जागणं म्हणतात ते हेच की काय.

तिला फाइली मिळतील, यंत्रात शिरता येणार नाही :
उंबऱ्यावरून घ्यायचं, माजघरात यायचं नाही.
विश्वास नाही का? तिने विचारलं.
म्हटलं, माझाही माझ्यावर नाही.
रोजच्या कामाला मीसुद्धा उंबऱ्यावरूनच घेते.

यादीत तिच्या वर एयविंदुर. आकडा एक हजार तीन.
मे महिन्यात गेला, मेंढवाड्यात, विणाऱ्या मेंढीपाशी.
नियम म्हणतो, खातं पुसा.
पुसलं तर त्याच्या चारशे फाइलींवर
मालकाच्या जागी नुसता आकडा उरेल,
आणि उद्या तोच आकडा कुणा नवख्याला मिळाला
तर त्याला कळायच्या आत तो वारस होऊन बसेल.

म्हणून त्याच्या कुटलेल्या शब्दापुढे
मी फक्त एक उद्गारचिन्ह घातलं.
एवढ्याने कुलूप लागतं. आता कुठलाच शब्द जुळणार नाही.
बराच वेळ ते चिन्ह बघत बसले होते.
तो असता तर म्हणाला असता,
एवढं ओरडायला काय झालं?

काल कुंपणात दाइवाने पहिली मेंढी धरली.
भीत भीत कान चाचपला.
शेंड्याला खाच. दुसऱ्याला मागून चावा.
ही कुणाची?

नोंदवहीत आहे, मी म्हटलं.
आता तुला उघडते ती. बघ.